त्रिकोणाचा ठसा

३ फेब्रुवारी

ताई,

वाकून नमस्कार. वाकलेलाच आहे म्हण, कारण सकाळपासून एका मोटरसायकलच्या पोटाखाली होतो आणि पाठ अजून सरळ व्हायला तयार नाही.

बातमी ऐक. तुझ्या मावसभावाने स्वतःचं गॅरेज काढलं! हो, गुंड्याने. ज्याच्या सायकलची चेन तू बसवून द्यायचीस त्याच गुंड्याने. बावीस वर्षं उस्तादांच्या हाताखाली काढली, आता म्हटलं पुरे. एका शटरची जागा आहे. आत दोन गाड्या मावतात, तिसरी आणली की मला बाहेर उभं राहावं लागतं. भिंतीला लाकडी फळी ठोकलीय आणि हत्यारं टांगायला तिच्यावर खिळे मारलेत. खिळे अजून रिकामेच आहेत. दिवसातून चार वेळा मी त्यांच्याकडे बघतो आणि चहा पितो.

उस्तादांकडची हत्यारं उस्तादांची. ती तिथेच राहिली, तेच बरोबर. पण तुमच्या कारखान्याच्या पान्यांचा सेट तिथे सोडून येताना माझ्या अगदी जिवावर आलं, खोटं कशाला बोलू. बावीस वर्षं, ताई! किती नट उघडले असतील त्याने, मोजायला बसलं तर वेड लागेल. वरचा मुलामा कधीच उडाला, दांडे अंगठ्यापाशी गुळगुळीत झाले, पण तोंडं? पहिल्या दिवशी होती तशीच. नटावर बसला की असा बसायचा की मधे केस जाणार नाही. त्या पान्यांनी एका नटाची कड मारलेली मला आठवत नाही. एकदा मागच्या चाकाचा गंजलेला नट निघेना म्हणून मी आणि उस्ताद दोघं एकाच पान्यावर लटकलो होतो. नट निघाला, उस्ताद माझ्या अंगावर पडले, पाना मात्र होता तसाच.

नवीन गॅरेजसाठी घाईघाईत बाजारातून एक सेट आणला. काय त्याची चकाकी! समोर धरून दाढी करावी. चौथ्या दिवशी बारा-तेराचं तोंड फाकलं आणि नट गोल. मग छिन्नी आणि हातोडी. गिऱ्हाईक शेजारी हाताची घडी घालून उभं, आणि मी घामाघूम. अब्रू गेली म्हण ना.

म्हणून मागणं एकच. एक रिंग पान्यांचा सेट, सहा-सातपासून वीस-बावीसपर्यंत, आठ नग. आणि दुकानातला नको, तुझ्या हातून पास झालेला हवा. दांड्यावर तो तुझा तिळाएवढा त्रिकोण मारलेला. इतर तपासनिसांचे ठसे वाईट आहेत असं नाही, पण तुझा त्रिकोण दिसला की मी डोळे मिटून वजन टाकतो.

फोनच करणार होतो, पण हल्ली तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं झालंय. नुसतं ‘बरं बरं’ म्हणतेस आणि ठेवून देतेस. मागच्या वेळी सांगितलं, आईची दाढ काढली, फार त्रास झाला. तर म्हणालीस, ‘छान झालं.’ कामात असशील. म्हणून हे पत्र.

तुझा,
शटरवाला गुंड्या


१२ फेब्रुवारी

गुंड्या,

आशीर्वाद शेवटी. आधी ओरडून घेते.

चकाकी बघून हत्यार घेतलंस? बावीस वर्षं काय झोपा काढल्यास? अरे, मुलामा काय, कुणीही देतं. दाराच्या कडीलाही देतात. पाना आतून काय आहे ते बघायचं असतं. ते डोळ्याला दिसत नाही हे मान्य, पण निदान हातात तोलून तरी बघायचास.

आमच्याकडे तो कसा होतो ते आज नीट सांगते, म्हणजे पुन्हा असला गाढवपणा करणार नाहीस. लालबुंद कांब घणाखाली येते, दोन ठोक्यांत तिला आकार येतो. मग तोंडं कापायची, कडा घासायच्या. मग पुन्हा भट्टी आणि तिथून थेट तेलात. तेलातून निघालेला पाना काचेसारखा कडक असतो, आणि काचेसारखाच फुटतो. म्हणून त्याला परत मंद आचेवर ठेवायचा आणि त्याचा ताठा उतरवायचा. किती उतरवायचा, सगळं त्यात आहे. जास्त उतरला तर तुझ्या बाजारातल्यासारखं तोंड फाकतं, कमी उतरला तर तुकडा पडतो. भट्टीवरचे आमचे म्हातारे मिस्त्री पोलादाच्या रंगावरून सांगतात, आता काढ. घड्याळ भिंतीवर आहे, पण मी त्यांना एकदाही तिकडे बघताना पाहिलं नाही. असा माणूस!

मग माझं काम. वीतभर उंचीवरून पाना ऐरणीवर सोडायचा आणि ऐकायचं. चांगला पाना गातो रे. टण्ण करून बारीक आवाज निघतो आणि लांबवर जातो. आत कुठे केसाएवढी चीर असली, तेलात टाकताना पडते ती, तर ठक्क करून बसतो. त्याला आम्ही बद्द म्हणतो. चीर मुलाम्याखाली लपेल, आवाजात नाही लपत. एकतीस वर्षं मी हेच करतेय. गाणारा पास, त्याला ठसा. बद्द असेल तो लाल खोक्यात. ज्याच्या हातात तो जाणार त्याचा चेहरा मला कधी दिसत नाही, पण तो माणूस सगळं वजन टाकणार आहे हे मी रोज मनात म्हणते.

समोरच्या ऐरणीवर गेली चार वर्षं एक नवी तपासनीस आहे. दोन लेकरांची आई आहे, पण आम्ही तिला धाकटीच म्हणतो. मीच शिकवली. तिचा कान म्हणजे काय सांगू! घणांच्या दणदणाटातही तिला बद्द पाना बरोबर कळतो.

तुझा सेट मी स्वतः बांधून पाठवते. पण एक अट. हातात पडला की आधी एकेक पाना वाजवायचा. वाजवल्याशिवाय नटाला लावायचा नाही. आणि प्रत्येकाचा आवाज कसा आला ते मला लिहून कळवायचं. का, ते विचारू नकोस. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून तू दुखणं सांगतोस असं मावशी कौतुकाने सगळ्यांना सांगत असते, तर बघू तरी काय दिवे लावतोस.

फोन नको. भट्टीच्या आवाजात काही कळत नाही. पत्रच बरं. मावशीच्या दाढेचं वाचून वाईट वाटलं.

आशीर्वाद. गॅरेज भरभरून चालो.

ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

सेट मिळाला! तेलकट कागदात एकेक गुंडाळलेला, वर सुतळी, गाठ अशी की सोडवायला पक्कड लागली. बायको म्हणाली, एवढं जपून तर आपलं लग्नाचं सामानही कुणी बांधलं नव्हतं.

फळीवर ओळीने टांगलेत. सहा-सातचा करंगळीएवढा, तिथून चढत चढत वीस-बावीसपर्यंत. येणाराजाणारा प्रत्येक जण आधी फळीकडे बघतो, मग माझ्याकडे. शेजारचा पंक्चरवाला रोज सकाळी येऊन एक काढतो, हातात तोलतो, ‘वा’ म्हणतो आणि परत लावतो. कामधंदा काही नाही, नुसतं ‘वा’.

तुझ्या अटीप्रमाणे सगळे वाजवले. जुन्या इंजिनाचं एक जड लोखंडी चाक, फ्लायव्हील, पडलंय कोपऱ्यात, त्याच्यावर सोडले. काय सांगू तुला! देवळातली घंटा बरी. आठच्या आठ एकजात सुरेल. तुझ्या त्रिकोणाला काय वाजवायचं, पण तू सांगितलंस म्हणून वाजवले.

कामाचं ऐक. शाळेतल्या एक बाई आल्या. त्यांच्या यजमानांची जुनी मोटरसायकल, पाच वर्षं झाकून ठेवलेली. यजमान गेले, आता बाई स्वतः चालवायला शिकणार म्हणतात. पंचावन्न वर्षांच्या असतील. खाली इंजिन ऑइलचा नट इतका धरलेला की दोन मेकॅनिकांनी हात टेकले होते. एकाने तर अर्धी कड खाल्ली होती. मी तुझा बारा-तेराचा काढला. उरलेल्या अर्ध्या कडेवर त्याने अशी पकड घेतली, अशी पकड घेतली की मी नुसता हात ठेवला आणि हळूच ढकललं. कर्रर्र झालं, आणि सुटला! बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, माझ्यासाठी नको, ह्या पान्यासाठी वाजवा. तर त्यांनी खरंच पाना हातात घेऊन उलटसुलट बघितला, त्रिकोण बघितला, विचारलं, हे काय? मी सांगितलं, ही माझी मावसबहीण.

हात जोडतो तुला आणि त्या मिस्त्रींना.

तुझा,
गुंड्या


८ मार्च

गुंड्या,

पत्र वाचलं. बाईंचं वाचून फार बरं वाटलं. मिस्त्रींना वाचून दाखवलं, दिवसभर खूश होते.

आता एक विचारते. आठच्या आठ? नीट ऐकलंस ना? पंक्चरवाल्याशी गप्पा मारत मारत नाही ना वाजवलेस?

परत एकदा वाजव. शटर अर्धं खाली घे, कुणाला आत येऊ देऊ नकोस, आणि एकेक पाना मन लावून ऐक. मोठे पाने तोपर्यंत वापरू नकोस. मग लिही. माझी भीड धरू नकोस, गोड बोलू नकोस, जे कानाला लागेल तेच लिही.

ताई


२ एप्रिल

ताई,

उशीर झाला, राग मानू नकोस. काम फार आहे. गाड्या बाहेर रस्त्यापर्यंत लागतात.

अक्षराकडे बघू नकोस. एका पेट्रोलच्या टाकीवर कागद ठेवून लिहितोय, टाकी गोल, म्हणून ओळी घसरतात.

पुन्हा वाजवले. सगळे छान. तू उगाच काळजी करतेस. तुझ्यासारखा कान जगात कुणाचा नाही हे मला माहीत आहे, उस्तादही तेच म्हणायचे.

आई बरी आहे.

गुंड्या


९ एप्रिल

गुंड्या,

आज मी आशीर्वाद शेवटीही देणार नाही.

तू माझ्याशी खोटं बोललास. एकदा नाही, दोनदा. कसं कळलं ते सांगते, कारण खोटेपणा मीही केलाय.

तुझ्या सेटमधला आठ-नऊचा पाना बद्द आहे. मला तो बद्द आहे हे माहीत होतं. धाकटीच्या लाल खोक्यातून मीच तो उचलला, त्याच्यावर मीच ठसा मारला आणि तुझ्या सेटमध्ये घातला. मुद्दाम लहान घेतला, म्हणजे तुटला तरी तुला लागू नये. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी जाणूनबुजून चुकीच्या पान्यावर ठसा मारला. का मारला ते आता वाच, आणि मावशीला सांगू नकोस.

माझे कान चाललेत. दीड वर्ष झालं असेल. आधी नुसती शिटी वाजायची, घरी गेले की थांबायची. आता थांबत नाही. फोनवर तू काय बोलतोस ते मला अर्धंसुद्धा कळत नाही. तुझ्या आईची दाढ काढली हे मला तुझ्या पत्रातून कळलं. ‘छान झालं’ म्हणाले मी! वाचल्यावर इतकी लाज वाटली की काय सांगू.

पण पान्यांचं ऐकू येतं असं मला वाटायचं. तो आवाज वेगळा, उंच, आणि तो मला जन्माचा पाठ आहे. पाना पडला की टण्ण ऐकू येतं. मग एक दिवस मनात आलं, हे मला ऐकू येतंय, की पाठ आहे म्हणून नुसतं वाटतंय? तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. प्रत्येक ठशाला भीती वाटते. निवृत्तीला चौदा महिने उरलेत आणि ह्या चौदा महिन्यांत माझ्या हातून एखादा बद्द पाना कुणाच्या हातात गेला तर? पाना वजनाखाली तुटला की माणसाचं काय होतं ते तुला मी सांगायला नको.

कुणाला विचारू? धाकटीला विचारावं तर ती म्हणते, ताई, तुमच्यासारखा कान कुणाचा आहे! डॉक्टरांकडे गेले तर कारखान्यात कळेल. म्हणून तुझा आधार घेतला. म्हटलं, एक बद्द मी घालते. गुंड्याला तो सापडला की समजायचं याचा कान पक्का आहे. मग बाकीचे सात, जे मी माझ्या कानाने पास केले, त्यांच्याबद्दल तो जे सांगेल ते खरं. तुझ्यावर एवढी मदार ठेवली होती मी! आणि तू लिहिलंस, आठच्या आठ घंटेसारखे.

आता सांग. एक तर तुझा कान गेला, नाहीतर तू माझं मन राखलंस. मन राखलं असशील तर ऐक, तुझ्या आदराला घेऊन मी काय करू? मला खरं हवंय.

आणि ते पत्र तू टाकीवर लिहिलेलं नाहीस. ते डाव्या हाताने लिहिलंय. लहानपणी तुझा हात मोडला होता तेव्हा तुझी पाटी मीच तपासायची. उजव्या हाताला काय झालं?

ताई


१५ एप्रिल

ताई,

सांगतोय मी, लिहितेय ही. म्हणजे अक्षर तुझ्या भावजयीचं आहे आणि चुका माझ्या.

तुझं पत्र वाचून मी शटर खाली ओढलं आणि स्टुलावर बसून राहिलो. शेवटी हिने हलवून विचारलं, तेव्हा हिलाही सगळं सांगितलं. (ताई, मी बायको. मला आत्तापर्यंत हे म्हणत होते की जॅक घसरला. मी यांना चांगलं फैलावर घेतलंय, तुम्ही त्रास घेऊ नका.)

आता खरं. एकही शब्द गाळत नाही.

आठ-नऊचा बद्द होता. पहिल्याच दिवशी कळलं. सोडला, आणि ठक्क. मला वाटलं फ्लायव्हील नीट बसलं नसेल. दुसऱ्या जागी टाकला, रस्त्याच्या कडेच्या लोखंडी खांबावर वाजवून बघितला, दोरीला टांगून नखाने वाजवला. सगळीकडे बद्द. पण वर त्रिकोण! मी स्वतःला म्हटलं, ताईने पास केलाय म्हणजे पास, आपलेच कान इंजिनं ऐकून ऐकून बिघडलेत. आणि समजा बद्द असलाच, तर एकतीस वर्षांत एक गेला निसटून, तो मी तिला कशाला दाखवू? मी तो फळीवर लावला आणि तुला घंटेचं लिहिलं.

ताई, तू म्हणतेस एक घातला होतास.

दोन होते.

सोळा-सतराचाही बद्द होता. त्याचा आवाज आठ-नऊइतका वाईट नव्हता, पण गात नव्हता. सुरू व्हायचा आणि मधेच बसायचा. तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा मी परत वाजवला आणि परत तेच ऐकलं. तू स्पष्ट लिहिलं होतंस, मोठे वापरू नकोस. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला आला, पुढचं चाक डगमगतंय, गाडीला दोन्हीकडे कॅन, लोक दुधासाठी थांबलेत. सतराचा नट. बाजारातलाही पाना होता जवळ. मी तुझा घेतला. माझ्या कानापेक्षा मला तुझा त्रिकोण खरा वाटला. डोळे मिटून वजन टाकलं, नेहमीसारखं.

तोंड फुटलं. हात जाऊन मडगार्डच्या पत्र्यावर आदळला. सात टाके, मधल्या दोन बोटांवर. बोटं हलतात, डॉक्टर म्हणाले महिन्याभरात पाना धरशील. (मी म्हणते दोन महिने.)

तुटलेला तुकडा मी जपून ठेवलाय. तुटल्या जागी बघितलं. निम्मा भाग ताजा, पांढरा, चमकणारा. निम्मा काळा. म्हणजे चीर जुनी होती, तेलात टाकतानाची. तुला हे कळतंय, म्हणून लिहितोय. पोलादात खोट नव्हती. तो काळा भाग तुझ्या ऐरणीवर पडला तेव्हाही आत होताच.

आता मला काय म्हणायचंय ते ऐक. उरलेले सहा पाने मी परवा एकेक करून वाजवले, हिला शेजारी बसवून. सहाही गातात. हिलाही ऐकू येतं. एवढं उत्तम काम करणाऱ्या माणसाने एका चिरेसाठी स्वतःला सुळावर चढवू नये. माझ्या हाताचं मी कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. चौदा महिने म्हणजे काय, बघता बघता जातील. जरा जपून वाजव, शंका आली की धाकटीला दे. तुझं नाव मोठं आहे ताई. ते असं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. मला माफ कर, पहिल्याच पत्रात खरं लिहिलं असतं तर माझा हातही वाचला असता.

(ताई, शेवटचं त्यांचं आहे, माझं नाही. मला वाटतं तुम्ही तुम्हाला योग्य वाटेल ते करा.)

गुंड्या


१९ मे

गुंड्या,

तुला आणि तुझ्या बायकोला पोटभर आशीर्वाद. तिला थोडे जास्त.

‘दोन होते’ हे दोन शब्द वाचले आणि मला एकदम शांत वाटलं. खरंच सांगते. दीड वर्षाने शांत वाटलं. मग तुझ्या हाताचं वाचलं आणि खूप रडले. ते सात टाके माझे आहेत, तू काहीही म्हण.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांसमोर उभी राहिले. म्हटलं, मला ऐकू येत नाही. माझ्या ठशाचा पाना भावाच्या हातात तुटला. गोदामात माझा जेवढा माल आहे तेवढा परत वाजवा, आणि दुकानदारांना कळवा की गेल्या दीड वर्षातला त्रिकोणाचा पाना कुणी आणला तर वाजवून बघा, बद्द असेल तर बदलून द्या. साहेबांनी कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवलं, ‘हे तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं.’ मी खाली लिहिलं, ‘म्हणूनच सांगितलं.’ मग त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

गोदामात चार हजार एकशे साठ निघाले. आठ दिवस लागले. धाकटी एकेक पाना ऐरणीवर सोडायची, मी समोर बसून तिच्या चेहऱ्याकडे बघायची. मला आवाज कळत नाही, पण चेहरा तर कळेल! आणि मला एक गोष्ट खटकायला लागली. ती इतकी निर्धास्त! खोक्यामागून खोका, भाजी निवडावी तशी. मी जीव मुठीत धरून बसलेली आणि ही बाई जांभया देतेय. मग ऑगस्टमधला एक खोका आला आणि ती एकदम पुढे वाकली. डोळे मिटून, श्वास रोखून ऐकायला लागली. त्या खोक्यात एक बद्द निघाला. पुढच्या दोन खोक्यांतही एकेक. मग परत जांभया.

मी हात धरला तिचा. विचारलं, ह्या तीन खोक्यांत काय आहे? आधी ‘काही नाही’ म्हणाली. मग तिचे डोळे भरले. ऑगस्टमध्ये तिचा लेक आजारी होता, ती आठवडाभर रजेवर होती. बाकी सगळे दिवस, गुंड्या, दीड वर्षं, मी जेवायला गेले की ती माझा पास केलेला माल परत वाजवायची. डबा अर्धा टाकून. बद्द निघाला की मुकाट्याने स्वतःच्या लाल खोक्यात टाकायची. मला वाटायचं, हिच्याकडे हल्ली खराब माल जास्त येतो, मिस्त्री म्हातारे झाले. बिचाऱ्या मिस्त्रींना मी दोनदा बोललेसुद्धा!

तुझा सेट मात्र मी थेट माझ्या खोक्यातून उचलून बांधला. तिच्या कानाखालून गेला नाही तेवढाच.

मी तिच्यावर चिडले. तुझ्यावर चिडले होते तशीच. तुम्ही दोघांनी मिळून मला झाकलं. पण संध्याकाळी घरी आले आणि वाटलं, चार हजारांत तीनच! किती माणसांची बोटं वाचवली तिने, आणि दीड वर्षात एकदा तोंडातून काढलं नाही की ताई, तुमचं चुकतंय. मी शिकवलेली आहे हे सांगताना मला आता भीती वाटते, कारण ती माझ्यापेक्षा मोठी तपासनीस आहे. दुसऱ्या दिवशी सगळ्या खात्यासमोर तसं सांगितलं. ती कुठे बघावं ते न कळून ऐरणीकडेच बघत होती.

उरलेले तेरा महिने मी मापाच्या टेबलावर आहे. पान्याचं तोंड बरोबर आहे का ते गेज लावून बघायचं. त्याला डोळे आणि बोटं लागतात, ती ठणठणीत आहेत. तुझा नवा सोळा-सतरा आणि आठ-नऊ या पत्राबरोबर येतोय. त्यांच्यावर चौकोन आहे, तो धाकटीचा. तरी वाजवून घे. कुणाचाही ठसा असो, वाजवून घे.

एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे तपासनीस ऐरण सोडतो तेव्हा त्याचा ठसा, म्हणजे ज्याने खूण मारतो तो पोलादी खिळा, घासून टाकतात, म्हणजे दुसऱ्या कुणी तो मारू नये. हे काम मिस्त्रींचं. काल त्यांनी माझा ठसा घेण्यासाठी हात पुढे केला. मी म्हटलं, राहू द्या, मीच करते. घासायच्या चाकावर धरला. ठिणग्या उडायला लागल्या. मला वाटलं, तिळाएवढा तर त्रिकोण, दोन मिनिटांत जाईल. हात भरून आला तरी त्याच्या कडा जाईनात. मधे थांबून पाण्यात बुडवला, परत धरला. धाकटी आणि मिस्त्री शेवटपर्यंत शेजारी उभे होते. फार वेळ लागला रे. अस्सल पोलाद होतं.

ताई